टोचनच्या दोरीला नियम आहे, दोरी बांधणाऱ्याला नाही

माझा धाकटा मावसभाऊ पोलिसांच्या कागदावर 'पादचारी' आहे.

त्या रात्री तो कुठेही पायी निघालेला नव्हता. अहिवाऱ्याहून भिलाईकडे येणाऱ्या रस्त्यावर सिमेंटचा एक भरलेला बल्कर बंद पडला होता. त्याच्या खाली उताणा पडून तो प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट खोलत होता. डोकं गाडीखाली, हात ग्रीसमध्ये आणि गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय रस्त्यावर. जानेवारीचं धुकं होतं. मागून आलेल्या पिकअपने बल्कर चुकवला. पाय चुकवले नाहीत.

उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. क्रेनच्या मालकाने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं. दुसऱ्या बिलाच्या वेळी निरोप आला की हा मुलगा आमच्या पगारावर नाही, फेरीवर येतो, गाडी मिळाली तर पैसे, नाही तर नाही. महिनाभराने पोलिसांच्या कागदाची नक्कल हाती आली, तेव्हा त्याने ती मला वाचायला लावली आणि विचारलं, "दादा, मी तर कामावर होतो. मी पादचारी कसा झालो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे दिसलं, ते इथे मांडतो आहे.

आम्ही नंदिनीच्या खाणीवरचे लोक. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले ते चुना-दगड फोडायला. अहिवाऱ्याला लागून असलेल्या नंदिनीच्या खाणीतला दगड भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातो. आसपास सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे आमच्या रस्त्यांवर माणसांपेक्षा डंपर, ट्रेलर आणि बल्कर जास्त. गाड्या जास्त म्हणजे बंद पडणाऱ्या गाड्याही जास्त. गाडी बंद पडली की मालकाचा फोन जातो क्रेनवाल्याला, क्रेनवाल्याचा ऑपरेटरला आणि ऑपरेटरचा हेल्परला. फोनची ही साखळी जिथे संपते, तिथे आमच्या वस्तीतली पोरं असतात. अहिवारा हा अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. पण राखीव जागा विधानसभेत आहे. ट्रकखाली पडून बोल्ट खोलायची जागा कोणी राखून ठेवलेली नाही, तरी ती आमच्याच पोरांना मिळते.

हे काम नेमकं काय असतं, ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो पिवळा हायड्रा, त्याच्या हुकाला लटकलेली गाडी आणि अडलेली वाहतूक. पण भरलेला ट्रक तसाच ओढला तर गिअरबॉक्स जळतो, म्हणून आधी प्रोपेलर शाफ्ट खोलावा लागतो. हवा गेली की ट्रकचे मागचे ब्रेक आपोआप जाम होतात. ते सोडवायलाही कोणीतरी खाली शिरावं लागतं, आणि उतारावर ब्रेक सुटला की चाकाखाली गुटका नसेल तर गाडी त्याच माणसावरून पुढे जाते. त्यानंतर पट्टा किंवा तारेचा दोर बांधायचा. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी परत येते आणि मध्ये जे असेल ते कापत जाते. जाणते ऑपरेटर तारेवर ओलं पोतं टाकतात, म्हणजे तुटली तरी तिचा जोर मरतो. हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. कुणाचा तरी हात गेलेला पाहिल्यावर माणूस शिकतो.

एवढं सगळं चालू रस्त्याच्या कडेला, बहुतेक वेळा रात्री. सुरक्षेचं सामान म्हणजे काय? झाडाची मोडलेली फांदी आणि चार दगड. ट्रकच्या मागे दहा पावलांवर फांदी टाकायची आणि कामाला लागायचं. थोडा हिशोब करा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. ५० मीटरवर ठेवलेला लाल त्रिकोण ड्रायव्हरला जेमतेम सव्वादोन सेकंद देतो. त्यातला सेकंद-दीड सेकंद डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो, आणि भरलेला ट्रक ब्रेक दाबल्यावरही लगेच थांबत नाही. दहा पावलांवरची फांदी त्या ड्रायव्हरला अर्धा सेकंदही देत नाही. धुक्यात तर ती दिसतच नाही.

उभ्या गाडीला मागून धडक बसणं ही काही आमच्याच रस्त्याची गोष्ट नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळला आणि १२ माणसं गेली. परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनीच तो ट्रक महामार्गावर थांबवला होता, असा आरोप तेव्हा झाला. तेव्हा सगळ्यांनी विचारलं की महामार्गावर गाडी उभी राहिलीच कशी. प्रश्न बरोबर होता. पण ज्यांचा रोजगारच उभ्या गाडीपाशी उभं राहण्याचा आहे, त्यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आता नियम पाहू. १९८९ च्या केंद्रीय रस्ता-नियमांत टोचनसाठी स्वतंत्र नियम होता. ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं, आणि ती अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच हवीत. २०१७ मध्ये नवे नियम आले, तेही गाडीबद्दलच बोलतात. सरकारने दोरी मोजली, पाटी मोजली, अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजली. ती दोरी बांधायला जो खाली वाकतो, त्याच्या अंगावर काय असावं, त्याच्या मागे किती अंतरावर दिवा असावा, त्याचा पाय रस्त्यावर असताना वाहतूक कोणी अडवावी, यावर त्या नियमात एक ओळ नाही.

असं कसं करायचं हे देशाला माहीत नाही, असंही नाही. रस्ता बांधताना किंवा दुरुस्त करताना काय करावं, याची इंडियन रोड्स काँग्रेसची सविस्तर मार्गदर्शिका आहे, आयआरसी:एसपी:५५. त्यात आधीपासून इशाऱ्याच्या पाट्या, तिरक्या ओळीत लावलेले शंकू, झेंडेवाला माणूस, चमकणारे जॅकेट असं सगळं आहे. चमकणाऱ्या कपड्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५८०९ हे मानकही आहे. म्हणजे डांबर टाकणाऱ्याचा विचार निदान कागदावर तरी झाला. त्याच रस्त्यावर, त्याच लेनमध्ये, त्याहून घाईत काम करणाऱ्या क्रेनच्या हेल्परचा तेवढाही झाला नाही.

राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. टोल घेणाऱ्या कंत्राटदारांनी गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवायची असते. पण आमचा अहिवाऱ्याचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग नाही. देशातल्या बहुतेक रस्त्यांसारखाच तो खाजगी क्रेनवाल्याच्या भरवशावर आहे.

मग कामगार कायदा तरी? १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने घेतली. तिथे मोटार परिवहनाच्या धंद्यासाठी आकडा दहा झाला. आमच्याकडच्या क्रेनवाल्यांकडे दोन-तीन गाड्या आणि सहा-सात माणसं असतात, तीही 'फेरीवर'. पाचाचे दहा झाले आणि ही सगळी माणसं कायद्याच्या बाहेर पडली.

राहिली भरपाई. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा होता. गाडी चालवणं, दुरुस्त करणं यातल्या कामगारांना, रोजंदारीवरच्यांनाही, त्याने हक्क दिला होता. भावाला पाय गेला तेव्हा हाच कायदा लागू होता. पण भरपाई मागायची तर आधी सिद्ध करावं लागतं की तू कामावर होतास. आणि पोलिसांचा कागद म्हणतो, तू पादचारी होतास. त्या एका शब्दाने मालक सुटतो.

हा शब्द एका हवालदाराची चूक नाही. रस्त्यावर मेलेल्यांची नोंद करताना सरकार विचारतं, हा कशावर होता? दुचाकीवर, मोटारीत, ट्रकमध्ये, सायकलवर की पायी? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. या पादचाऱ्यांत चालणारे किती आणि रस्त्यावर काम करणारे किती, झाडणारे किती, खड्डे बुजवणारे किती, ट्रकखाली पडलेले किती, हे तो आकडा सांगत नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी नियम होत नाही. ज्याच्यासाठी नियम नाही त्याची मोजणी करायची गरज कोणाला वाटत नाही.

इथे काही मित्र विचारतील, यात जात कुठून आली? ट्रक काय जात पाहून बंद पडतो का?

ट्रक पाहत नाही. पण त्याच्या खाली कोणी जायचं, हे जात पाहून ठरतं. फोनवरून होणारी ही भरती ओळखीतून होते आणि ओळखी वस्तीतून येतात. ज्या हेल्परांना मी ओळखतो ते सतनामी आहेत, आमच्यासारखे बौद्ध आहेत, गोंड आहेत, काही गरीब मुसलमान मिस्त्री आहेत. क्रेनच्या मालकांची आडनावं वेगळी आहेत. अपघातात केबिन चेपलं आणि आत माणूस अडकून मेला असेल, तर गर्दी मागे सरकते, शिपाई नाकाला रुमाल लावतो आणि आवाज येतो, "ए, तू काढ." हा 'तू' कोण असतो, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला न सांगता कळतं. भाऊ सांगतो, प्रेत काढल्यावर हात धुवायला पाणी मागितलं की ढाबेवाला लांबून ओततो.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावात ढोर मेलं की ओढून नेण्याचं काम महाराचं. मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही हा निर्धार करायला आपल्याला बाबासाहेब यावे लागले, महाडची १९२७ ची परिषद व्हावी लागली. तरीही २०१६ मध्ये उनामध्ये मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या तरुणांना उघडं करून मारलं गेलं. आता ढोराच्या जागी ट्रक आला आणि बलुत्याच्या जागी फेरीचे पैसे आले. मेलेली वस्तू वाटेतून ओढून नेऊन इतरांची वाट मोकळी करणारे हात मात्र फारसे बदलले नाहीत. त्या हातांना काय होतं याची जबाबदारी त्याच हातांची, ही समजूतही बदलली नाही.

१२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमकं हेच दाखवून दिलं होतं. आपला माणूस रेल्वेत लागला तरी गँगमन म्हणूनच का राहतो? साधा पोर्टरही का होत नाही? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागत आणि तिथे विटाळ आडवा येई. यंत्र नवं आलं म्हणून श्रमाची जुनी वाटणी जात नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. पुढे मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. कामगार जिथे मरतो तिथे जाऊन पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी नियम करता येत नाहीत, हे त्यांना कळत होतं. आज एक तरी अधिकारी रात्री दोन वाजता हायड्राबरोबर एक फेरी मारून येईल का?

दुसरा आक्षेप मालकांचा असतो. "जॅकेट दिलं तरी ही पोरं घालत नाहीत." हे काही वेळा खरं आहे. माझा भाऊही घालत नसे. त्याला मिळालेलं जॅकेट मळून काळं झालेलं, पट्ट्या उडालेलं, चार जणांत एक होतं. पण समजा, नवं कोरं असतं. ट्रकखाली पडलेल्या माणसाचं जॅकेट कोणाला दिसणार? बाहेर तर पायच होते. म्हणून मी फक्त जॅकेट मागत नाही. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांच्या बाबतीत हेच झालं. २०१३ चा कायदा आला, नियमांत सुरक्षा साधनांची यादी आली, आणि माणसं तरीही मरत राहिली, कारण माणूस उतरवणं थांबलं नाही. आधी धोका दूर ठेवायचा आणि जॅकेट सगळ्यांत शेवटी, हा क्रम आहे. मागे पिवळे दिवे लावलेली दुसरी गाडी आडवी उभी करायची. १०० मीटरच्याही मागून शंकूंची तिरकी ओळ सुरू करायची. एक माणूस फक्त येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायला आणि शिट्टी वाजवायला ठेवायचा. चाकांना गुटके लावायचे. काम रहदारीच्या उलट्या बाजूने करायचं. ते जमत नसेल तर पोलिसांनी लेन बंद करेपर्यंत हातच लावायचा नाही. आणि "लेन बंद झाल्याशिवाय खाली जाणार नाही" असं म्हणणाऱ्या हेल्परची दुसऱ्या दिवशीची फेरी कापली जाता कामा नये. या शेवटच्या अटीशिवाय बाकीचं सामान गोदामातच पडून राहील.

हे सगळं भिलाईला नवीन नाही. पोलाद कारखान्याच्या फाटकातून आत जायला हेल्मेट लागतं, बूट लागतात, पास लागतो. आत सगळं ठीक आहे असं मी म्हणत नाही. १२ जून २०१४ ला विषारी वायूने ६ जण गेले, ९ ऑक्टोबर २०१८ ला गॅसच्या पाइपलाइनच्या स्फोटात दहाहून जास्त. पण आत कोणी मेला तर तो कामगार म्हणून मरतो. फाटकाबाहेर तीच माती, तोच माल, तीच घाई असते आणि मेलेला माणूस पादचारी होतो. कंत्राटी कामगारालाही कामगार म्हणा, एवढ्याच मागणीसाठी या शहराने मोठी किंमत मोजली आहे. शंकर गुहा नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ ला झोपेत गोळी घातली गेली आणि १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनवर कामगारांवर गोळीबार झाला. ती लढाई अजून क्रेनपर्यंत पोचलेली नाही.

अमेरिकेत टोचनचं काम करणाऱ्यांचे मृत्यू वेगळे मोजले गेले. २०११ ते २०१६ या वर्षांत एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे दरवर्षी सरासरी ४२.९ मृत्यू, जेव्हा सगळ्या खाजगी उद्योगांचा आकडा २.९ होता. जवळजवळ पंधरा पट. मोजलं म्हणून हा आकडा बोलता येतो. तिथल्या सर्व राज्यांत कायदा आहे की कडेला दिवे लावून उभी असलेली आपत्कालीन गाडी दिसली तर वेग कमी करा आणि एक लेन सोडून जा. या कायद्यांत टोचनच्या गाड्याही आल्या. तरीही तिथे माणसं मरतात. पण मेलेला माणूस कामावर होता की नव्हता, हा वाद तरी होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, सुरक्षा संहितेतच तरतूद आहे की जीवघेण्या कामाच्या बाबतीत केंद्र सरकार अधिसूचना काढून दहाची अट काढू शकतं. रस्त्यावरून गाड्या हलवण्याचं काम त्या यादीत घाला.

दोन, क्रेनचा परवाना आणि वार्षिक तपासणी करताना फक्त यंत्र पाहू नका. शंकू, दिवे, गुटके, पट्ट्याची तारीख आणि प्रत्येक माणसासाठी वेगळं जॅकेट व बूट हेही पाहा. खर्च मालकाचा, हेल्परच्या फेरीतून कापायचा नाही.

तीन, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन गाडीला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांचा दंड आहे, आणि आणखी कोणत्या गाड्या आपत्कालीन मानायच्या ते राज्य सरकार ठरवू शकतं. छत्तीसगड आणि महाराष्ट्राने त्यात काम चालू असलेली क्रेन घालावी. ते कलम चालत्या गाडीला वाट देण्याबद्दल आहे. उभ्या गाडीपासून लेन सोडण्याचा नियम त्याला जोडावा.

चार, अपघाताच्या नोंदीत 'रस्त्यावर काम करणारा' असा वेगळा रकाना करा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

भाऊ आता घराजवळ पंक्चरचं दुकान चालवतो, बसून. परवा त्याच्याकडे एक नवा पोरगा आला होता, अठरा-एकोणीसचा, त्याच्या जागी हायड्रावर लागलेला. भावाने त्याला दुकानातला जुना लाल त्रिकोण दिला आणि सांगितलं, "शंभर पावलं मोज, मगच ठेव. शेठ ओरडला तर ओरडू दे." पोरगा हसला आणि म्हणाला, "भाऊ, तेवढ्या वेळात शेठचा दुसरा फोन येतो."

तो फोन येतोच. आमच्या वस्तीतल्या पोराने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात त्रिकोण धरून एकट्याने जीव वाचवायचा, याला आपण सुरक्षा म्हणणार असू, तर उद्या त्याच्याही कागदावर पादचारी असंच लिहिलं जाईल.

जय भीम.